तपासायचं राहिलेलं पान

सूर्यभान दारात उभा राहिला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. पण त्यानं चपला काढल्या आणि भिंतीला टेकवून उभ्या लावल्या, तशी मला शंका आली. पोरांनी चपला अशाच लावायच्या हा माझा वर्गातला दंडक होता. औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. इतकी वर्षं शिकवल्यावर पोरांकडे इंग्रजी राहत नाही, असलंच काहीतरी राहतं.

"बाई, मी सूर्यभान. हर्सूलचा. तुमी मला आठवीत वर्गाबाहेर उभं केलं होतं."

"कितींदा?"

"रोजच की. आठ-धा दिवस. मंग म्या शाळाच सोडली अन् मेंढरामागं गेलो."

हे तो हसत सांगत होता. मला सगळं आठवलं. माझी स्मरणशक्ती अजून चांगली आहे, आणि वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी ते काही सुखाचं नसतं. सकाळी मेंढ्या रानात पोचवून यायचा म्हणून त्याला रोज उशीर व्हायचा, आणि उशीर मला चालत नसे. पत्र्याच्या वर्गाबाहेर उन्हात तो दप्तर छातीशी धरून उभा असायचा.

आता तो एका गोदामावर रखवालदार होता. घरामागं शेळ्या होत्या. मेंढरं बापाबरोबरच गेली. त्याच्यामागं त्याची मुलगी उभी होती, अंगावर नर्सचा गणवेश, केस घट्ट बांधलेले.

"ही ज्ञानेश्वरी. लई हुशार हाय. इंग्रजी बोलती, वाचती, समदं करती. निस्तं लिहिण्यात मार खाती. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही बारीला येवढुश्यानं गेली." त्यानं चिमूट दाखवली.

परीक्षा होती परदेशात नर्सची नोकरी मिळण्यासाठीची. मुलीनं मला कागद दाखवला. तीन भागांत छान गुण, चौथ्यात अर्धा कमी. तिसऱ्यांदा परीक्षा बावीस तारखेला पुण्यात होती. मध्ये दोन महिने होते.

"बाई, तुमी म्हनाल तसं," सूर्यभान म्हणाला. "तुमचा शब्द मी पयल्यापासून मोडला नाय. बाहेर हो म्हनला, झालो."

---

मी तिला निबंध लिहायला लावला. विषय होता, म्हाताऱ्या माणसांनी मुलांपाशी राहावं की वेगळं. इंग्रजी स्वच्छ होतं, पण एक वाक्य संपलं की दुसरं सुरू, जणू वॉर्डातल्या खाटा. एका खाटेचा दुसरीशी संबंध नाही. दोन उलट गोष्टी एकमेकींसमोर आणायच्या असतात तेव्हा मध्ये जो शब्द लागतो, तो तिच्याकडे नव्हता. बट येत होतं, तेही भीतभीत. ऑल्दो लिहिलं की त्याच वाक्यात पुढं बटही लिहायची.

"हे मराठीमुळं होतं," मी सांगितलं. "आपल्याकडं जरी आला की तरी येतोच. जोडीनं चालतात, बैलांसारखे. इंग्रजीत एकच बैल गाडी ओढतो. ऑल्दो जुंपलास की बटाला गोठ्यात ठेवायचं."

ती हसली. पहिल्यांदाच.

"आणि हाउएव्हर?"

"तो मोठ्या घरचा जावई. वाक्य पूर्ण संपू द्यायचं, मग तो येणार, आल्यावर स्वल्पविराम मागणार, मग बोलणार."

माझ्या काळात आम्ही हे सगळं एका माणसावर शिकवलं. तो गरीब आहे, परंतु तो प्रामाणिक आहे. जरी तो गरीब असला, तरी तो प्रामाणिक आहे. गरिबी असूनही तो प्रामाणिक आहे. पस्तीस वर्षं फळ्यावर तो माणूस गरीबच राहिला. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, बाई, गरीब असला की प्रामाणिक नसेल असं आधीच का धरायचं? मी तिला खाली बसवलं. हल्ली ती मुलगी फार आठवते.

ज्ञानेश्वरीला मी ती वाक्यं दिली नाहीत. घोकलेलं लिहिलं की परीक्षकाला लगेच कळतं. मी तिला शंभर पानी वही आणायला सांगितली. "रोज चार वाक्यं. प्रत्येकात दोन उलट गोष्टी. गाइडातली नकोत, तुझ्या डोळ्यांनी पाहिलेली. खरं लिही, म्हणजे शब्द आपोआप जागेवर बसतो."

तिनं खरं लिहिलं. एका पेशंटचा मुलगा याच शहरात राहतो, तरी तो फोनवरच चौकशी करतो. डॉक्टर ओरडतात, परंतु हात फार हळू लावतात. आई शाळेत गेली नाही, तरीही कोणती शेळी कधी विणार ते तारखेनिशी सांगते. मी तांबड्या शाईनं खूण करायची, खाली गुण आणि तारीख. सहाव्या आठवड्यात तिनं लिहिलेल्या पानावर मला पेन टेकवायला जागा मिळेना.

"होशील तू पास," मी म्हणाले.

"बाई, अजून कोणी असं म्हणालं नव्हतं," ती म्हणाली आणि पिशवीत ठेवताना वही दोनदा तिच्या हातातून पडली.

---

मग स्थळ आलं. जालन्याकडचं. मुलगा इंद्रजीत, वाळूजच्या कंपनीत कायम, घरी पंधरा एकर. मुलीनं नोकरी करायची नाही, परदेश तर नावच नको. लग्न याच महिन्यात उरकायचं. मुलाची आजी फार थकलेली होती.

सोमवारी ज्ञानेश्वरीनं हे मला सांगितलं, पुस्तक उघडता उघडता, जणू ड्यूटी बदलल्याचं सांगावं.

"शुक्रवारी पाहुणे येणार आहेत. बारा तारखेला. आप्पा म्हणतात, परीक्षा काय, पुढंमागं होईल. स्थळ रोज येत नाही."

"तू काय म्हणालीस?"

"मी काही म्हणायला लागले की आई रडते. आप्पा उठून शेळ्यांकडं जातात." तिनं पुस्तक मिटलं. "तुम्ही बोलाल का आप्पांशी? तुमचं ऐकतात ते."

"बोलेन की," मी म्हणाले.

मी बोलले नाही. मंगळवारी गुडघा दुखत होता. बुधवारी वाटलं, फोनवर असलं बोलू नये. गुरुवारी सूर्यभानचाच फोन आला. "बाई, उद्या तुमी याच. तुमी असल्या की वजन पडतं." मी हो म्हणाले आणि मनात म्हटलं, पाहुणे येऊन जाऊ देत, मग निवांत बोलू. कदाचित त्यांनाच पसंत पडायची नाही.

मलाही असेच पाहुणे पाहून गेले होते, एकोणसत्तर साली. मला एम.ए.ला इथल्या विद्यापीठात जायचं होतं, अर्ज आणून ठेवला होता. पाहुण्यांतल्या एकानं इंग्रजी वर्तमानपत्र पुढं केलं, वाच म्हणाला. मी असं सुरेख वाचलं की तिथल्या तिथं पसंती झाली. आमचे यजमान काकासाहेब पुढं चांगले निघाले, त्यांनी बी.एड. करू दिलं, नोकरी करू दिली. तो अर्ज मी बरीच वर्षं पातळांच्या घडीत ठेवला होता.

---

कारागृहाची लांब भिंत संपली की डाव्या हाताला त्यांची गल्ली. रिक्षावाल्यानं बरोबर दारात सोडलं. घरात एकच खुर्ची होती, तिच्यावर मला बसवलं. पाहुणे सतरंजीवर. मुलाचे चुलते बद्रीनाथ, पांढरं धोतर, मोठा आवाज, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. मुलाची आई आणि एक मावशी. मुलगा आला नव्हता, त्याची पहिली पाळी होती. आधी मोठ्यांनी पाहायचं, मग त्यानं, असं ठरलं होतं.

ज्ञानेश्वरीनं शिरा आणला. पाया पडली. सूर्यभानची बायको म्हाळसाबाई आतल्या दाराला धरून उभी होती.

"कितवी शिकलीस?" बद्रीनाथांनी विचारलं.

"नर्सिंग झालंय."

"म्हंजे सुई टोचती."

"टोचते."

"आमाला टोचू नको म्हंजे झालं," ते म्हणाले आणि सगळे हसले. "बरं, आमच्यात रीत हाय. पोरीनं दोन ओळी लिहून दावायच्या. अक्षर बघितलं की माणूस कळतं. आमच्या हिनं तवा नाव लिहिलं, ते बी उलटं. तरी केली म्या."

मावशीनं पिशवीतून कागद काढला. ज्ञानेश्वरीनं तो घेतला नाही.

"लिहिलेलं आहे," ती म्हणाली. "वही आणते."

ती आत गेली आणि वही घेऊन आली. उघडून आणली. त्याच पानावर बोट ठेवून तिनं ती बद्रीनाथांच्या पुढं ठेवली आणि मागं सरून भिंतीशी उभी राहिली.

"वा. मोत्यावानी," बद्रीनाथ म्हणाले. "पण हे तर इंग्रजी. आमाला काळं तेवढं दिसतंय. बाई, तुमीच वाचा. मराठीत सांगा, बायकांना बी कळू द्या."

वही माझ्या हातात आली. ते पान मी तपासलेलं नव्हतं. मी चष्मा लावला. चार वाक्यं होती.

जरी माझ्या वडिलांनी होकार दिला आहे, तरी त्यांनी मला विचारलेलं नाही.

मी गप्प आहे, परंतु मी कबूल नाही.

भीती वाटत असूनही मला जायचं आहे.

माझी परीक्षा बावीस तारखेला आहे. मात्र माझ्या बाईंशिवाय या खोलीतल्या कोणालाही ती तारीख माहीत नाही.

मी एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मागं एक शेळी ओरडत होती. मला वाटलं, पोरीनं घाबरून भलतंच पान उघडलं. हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं आणि नंतरही बरेच दिवस सांगत राहिले. तिचं बोट त्या पानावर होतं हे मी पाहिलं होतं.

"काय हो बाई, लई अवघड लिहिलंय का?" बद्रीनाथ म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. आणि मी वाचायला लागले. माझा आवाज अजून वर्गातला आहे, थरथरत नाही.

"जरी माझे वडील फार शिकले नाहीत, तरी त्यांनी मला शिकवलं. मी कमी बोलते, परंतु मला माणसांची आवड आहे. शहरात वाढले असूनही मला गावाची सवय आहे. नोकरी चांगली आहे. मात्र घर आधी."

मुलाच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. सूर्यभाननं मान खाली घातली, त्याची हनुवटी हलत होती. पहिलं वाक्य त्याला लागलं होतं. ते मी त्याच्यासाठीच रचलं होतं.

मी ज्ञानेश्वरीकडं पाहिलं. ती माझ्याकडंच पाहत होती. रागानं नाही. पेशंटला तपासताना नर्स पाहते तसं, अजून काही आहे का म्हणून.

"आता मुलानं बघायचं काय राहिलं?" बद्रीनाथ म्हणाले. "तो माझ्या शब्दाभाईर नाय. सूर्यभानराव, सुपारी आणा."

सुपारी तिथंच फोडली. म्हाळसाबाईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. माझ्या हातावर जरा जास्तच ठेवली. निघताना मी वही माझ्या पिशवीत टाकली. दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून.

---

तिसऱ्या दिवशी ती आली. माझा शब्दकोश परत द्यायला. मी बस म्हणाले, ती बसली नाही.

"बाई, ते पान चुकून उघडलं असं वाटलं तुम्हाला?"

मी खुर्ची तिच्याकडं सरकवली.

"मी गुरुवारी रात्रपाळीला लिहिलं ते. चारच वाक्यं, पण सात वेळा लिहिलं. चूक राहू नये म्हणून. आमच्याकडं कागदावर लिहायला लावतात हे मला माहीत होतं. आणि इंग्रजी असलं की तुमच्याकडंच येणार हेही माहीत होतं."

"मला वाटलं, तुझी फजिती होईल. सगळ्यांसमोर."

"व्हायला पाहिजे होती," ती म्हणाली. "तीच तर व्हायला पाहिजे होती, बाई. ते उठून गेले असते. आप्पांनी एखादी दिली असती मला. दिली असती तर दिली असती."

"तू मराठीतच का नाही म्हणालीस?"

"मी म्हणाले असते तर मला आत नेलं असतं. तुम्हाला कोण आत नेणार?"

शब्दकोश तिनं टेबलावर ठेवला, कडेला कड जुळवून. मी वही पुढं केली. तिनं मान हलवली.

"राहू द्या. तपासायचं राहिलंय तुमचं."

---

दुसऱ्या दिवशी मी हर्सूलला गेले. परीक्षेला अजून सात दिवस होते. सूर्यभान शेळ्यांना पाला टाकत होता. मला पाहून त्यानं हात धुतले, खुर्ची बाहेर आणली.

"सूर्यभान, मी त्या दिवशी खोटं वाचलं."

त्यानं पाल्याची एक फांदी उचलली.

"वहीत तसं नव्हतं. मी बदललं. खरं काय आहे ते आता वाचते, ऐक." मी वही उघडली आणि चारही वाक्यं वाचली, हळूहळू, जशीच्या तशी. म्हाळसाबाई दारात आली होती. पहिल्या वाक्याला सूर्यभाननं हातातली फांदी खाली ठेवली.

"पोरगी तुमच्याकडं रडाय आली व्हती," तो म्हणाला. "व्हय ना?"

"आली होती. पण ते..."

"मंग तुमाला तिची दया आली. मला बी येती, बाई. बापाला येनार नाय व्हय? पण सुपारी फुटली. समद्या भावकीत सांगून झालं. परवा गुलमंडीला बस्ता बांधला."

"सूर्यभान, मी हे मनचं सांगत नाही. इथं लिहिलंय."

त्यानं वही घेतली. ओळींवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडं, मग पुन्हा पहिल्यापासून. मग परत दिली.

"तवा तुमी येक वाचलं. आज येक वाचताय. मला यातलं काय कळतंय, बाई?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "मी तर भाईरच उभा व्हतो."

मी त्याला म्हणाले, दुसऱ्या कोणाला दाखव, गल्लीतल्या कोणत्याही कॉलेजच्या पोराला दाखव. तो म्हणाला, घरातली गोष्ट गल्लीत कशाला न्यायची. म्हाळसाबाईनं चहा आणला. तो मी घेतला, कारण घेतला नसता तर तिला वाईट वाटलं असतं. आयुष्यभर मी असलाच विचार करत आले. रिक्षात बसले तेव्हा कारागृहाच्या भिंतीपलीकडं कसलीतरी घंटा वाजत होती.

बावीस तारखेला सकाळी मी आंघोळ करून टेबलाशी बसले. परीक्षा नऊ वाजता सुरू होणार होती. लिहिण्याचा भाग किती वाजता, ते तिनं मला वेळापत्रकावरून सांगितलं होतं. तेवढा वेळ मी घड्याळाकडं पाहत बसले. खाली रस्त्यावर पुस्तकांची दुकानं उघडत होती, शटर वर जाण्याचे आवाज येत होते. पुण्यात एका खुर्चीवर कोणी बसलेलं नव्हतं.

---

लग्न अठ्ठावीसला झालं. मी जाणार नव्हते, पण सूर्यभाननं रिक्षा पाठवली. मंगलाष्टकांच्या आधी सत्कार सुरू झाले, आपल्याकडं होतात तसे. सरपंच झाले, मामा झाले. मग माईकवर माझं नाव आलं. ज्यांनी नवरीला घडवलं त्या बाई. मला हाताला धरून स्टेजवर नेलं, सूर्यभाननं स्वतः शाल घातली, नारळ दिला. मी परत निघाले, तेवढ्यात बद्रीनाथांनी माईक घेतला.

"मंडळी, आमी सून कशी बघितली ते सांगतो. हुंडा नाय इचारला, रंग नाय बघितला. वही बघितली. पोरीनं सवताच्या हातानं काय लिहिलं व्हतं, ऐका." आणि त्यांनी ती चार वाक्यं म्हणून दाखवली. एक शब्द इकडचा तिकडं नाही. जरी वडील शिकले नाहीत. मी कमी बोलते, परंतु. मात्र घर आधी. कधीतरी मी असे पाठ करणारे विद्यार्थी मिळावेत म्हणून तळमळले होते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्ञानेश्वरी दोन हातांवर होती. मुंडावळ्यांमुळं तिचा चेहरा अर्धा दिसत होता. आता हीच तिची वाक्यं. सासरी कोणी आलं की हीच सांगतील, तिच्या पोरांना हीच सांगतील. इंद्रजीत तिच्याकडं वळून काहीतरी म्हणाला, चांगलंच म्हणाला असेल. तो पोरगा सरळ दिसत होता. तिनं मान डोलावली.

मी खाली उतरले तेव्हा सूर्यभान जवळ आला. "बाई, एक इचारायचं व्हतं. धाकटी दहावीला गेली. तिला पाठवू का तुमच्याकडं?"

"नको," मी म्हणाले.

त्याला वाटलं, मी थकले. "व्हय, वय झालं आता तुमचं," तो म्हणाला आणि मला रिक्षापर्यंत सोडायला आला.

घरी आल्यावर शाल खुर्चीवर टाकली आणि वही काढली. तांबड्या शाईचं पेन सुकलं होतं, थोडा वेळ झटकल्यावर चालू झालं. मी ते पान तपासलं, नेहमीसारखं, शब्दाशब्दावर पेनाचं टोक फिरवत. ऑल्दो एकटा होता. हाउएव्हरनंतर स्वल्पविराम होता. एकही चूक नव्हती. गुण लिहायच्या जागेवर मी बराच वेळ पेन धरून बसले. शाईचा एक ठिपका तिथं पडला, तो टिपायला माझ्याजवळ काही नव्हतं.